दोन नावांमधली रेघ

२०२०च्या सप्टेंबर महिन्यात, आपण सगळे मास्क आणि सॅनिटायझरच्या हिशेबात अडकलेलो असताना, महाराष्ट्राच्या महसूल विभागाने सातबाऱ्याच्या नमुन्यात काही बदल केले. गावाच्या नावाशेजारी कोड क्रमांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगवेगळे दाखवून खाली एकूण क्षेत्र दिसू लागलं. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. बातम्या या सगळ्याच्या झाल्या. माझी नजर मात्र त्या यादीतल्या एका किरकोळ वाटणाऱ्या कलमावर अडकली. यापुढे सातबाऱ्यावर दोन खातेदारांच्या नावांमध्ये एक रेघ असेल, नावं स्पष्ट दिसावीत म्हणून.

एक आडवी रेघ. तिच्यासाठी शासन निर्णय.

मी मोबाइल ॲपच्या पडद्यांची आखणी करते. आमच्या धंद्यात या रेघेला डिव्हायडर म्हणतात, आणि गेली आठ-नऊ वर्षं मी मुख्यतः डिव्हायडर पुसायचंच काम केलंय. नवीन आलेल्या डिझायनरला पहिल्या आठवड्यात हेच सांगतात: दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या आहेत ना, मग आधी मधे मोकळी जागा सोडून बघ. नाही जमलं तर अक्षरांचा जाडपणा बदल. तेही नाही जमलं तर मागचा रंग थोडा गडद कर. रेघ सगळ्यात शेवटी. रेघ म्हणजे पडद्यावरचा गोंगाट.

या शिकवणीमागे शास्त्र आहे. माक्स वेर्थहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ठिपक्यांच्या साध्या आकृत्या काढून दाखवून दिलं, की जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात धरतो. त्यांच्याभोवती कुंपण घालावं लागत नाही. फोनवाल्यांनी ते मनावर घेतलं. २०१३ साली आयफोनच्या सातव्या आवृत्तीत यादीतल्या रेघा केसासारख्या बारीक झाल्या आणि पडद्याच्या काठाऐवजी अक्षरं जिथून सुरू होतात तिथून सुरू व्हायला लागल्या. पुढच्या वर्षी गूगलने आपल्या मटेरियल डिझाइनच्या नियमावलीत डिव्हायडरची जाडी १ डीपी ठरवली आणि त्याचा काळेपणा जेमतेम १२ टक्के ठेवला. म्हणजे असून नसल्यासारखी. आत्ता हा लेख बाजूला ठेवून फोनचं सेटिंग्ज उघडलंत तर एक तर रेघा दिसणारच नाहीत, नाहीतर दिसतील त्या इतक्या फिक्या, की मुद्दाम शोधाव्या लागतील.

मग २०२० साली एखाद्या सरकारी खात्याला नवी रेघ आणावीशी का वाटली? उत्तर शोधता शोधता मी बरीच मागे गेले, कारण मराठी कागदावर रेघेचा इतिहास आमच्या शिकवणीच्या अगदी उलट बाजूने सुरू होतो.

मोडी लिहिणारा माणूस कोरा कागद पुढ्यात घेतला की आधी अक्षर लिहीत नसे. आधी रेघ ओढत असे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, बोरूने, सलग. मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची. आपण आज देवनागरी लिहिताना शब्द पुरा झाला की डोक्यावर शिरोरेघ देतो, आणि ती शब्दापुरतीच असते. शब्द कुठे संपला हे ती तुटल्यावर कळतं. मोडीत ती तुटतच नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, परिच्छेद नाही. ओळ संपते कारण कागद संपतो. मी मोडीचा एक वर्ग केला तेव्हा पहिले पंधरा दिवस मला अक्षरं वाचता येत होती आणि मजकूर वाचता येत नव्हता, कारण कुठला शब्द कुठे तोडायचा तेच उमगत नव्हतं. शिकवणारे सर म्हणायचे, "डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने वाचा." मोठ्याने म्हणत गेलं की शब्द आपोआप सुटे होतात. खरोखर होतात.

पुण्यात पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्यांतले निवडक कागद छापले तेव्हा ४५ खंड झाले, आणि ते नुसते निवडक. डिझायनरच्या डोळ्याने त्यातला एखादा कागद बघितला तर पहिली प्रतिक्रिया येते, की हे कुणी वापरायचं कसं? ना मथळे, ना मुद्दे, ना श्वास घ्यायला जागा. पण हा कागद वाचायला सोपा असावा अशी कारकुनाची अपेक्षाच नव्हती. अपेक्षा वेगळी होती: यात नंतर कुणी काही घुसवू नये. सलग रेघेखाली सलग अक्षरं असली की मधे एखादा 'न' किंवा एखादं शून्य सरकवायला फटच राहत नाही. मोकळी जागा ही आमच्यासाठी सौंदर्य. त्यांच्यासाठी ती उघडी राहिलेली खिडकी.

म्हणूनच त्या कागदांवर विभागणी करणारी खरी खूण भलतीकडेच सापडते. मजकूर जिथे संपतो तिथे एक छोटा शिक्का असतो, मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असतं; इतर कागदांवर 'लेखनसीमा'. अर्थ सरळ आहे: लिहिणं इथे संपलं, याच्याखाली काही आढळलं तर ते आमचं नाही. कागद लांब असला तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत, आणि पाठीमागे सांध्यावर शिक्का मारत, अर्धा या बंदावर आणि अर्धा त्या. मधला बंद कुणी बदलला तर शिक्का जुळणार नाही. शाळेत उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारायला लावतात, चेकवर 'फक्त' लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढतात, ते याच शहाणपणाचे वंशज.

दुसरा एक धागा माझ्या घराजवळच सापडला. मी बिबवेवाडीत राहते. गंगाधामच्या चौकातून उतरलं की मार्केट यार्ड. तिथल्या भुसार बाजारात आता सगळीकडे संगणक आहेत, पण दिवाळीला लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीच्या वह्या अजून पाटावर येतात. पूजेपुरत्या का होईना. या जुन्या पद्धतीच्या वह्यांचं पान नीट बघा: त्यावर छापील रेघा नसतात. पान लिहिण्याआधी उभं दुमडतात, पुन्हा दुमडतात, आणि उलगडलं की सळ राहतात. ते सळ म्हणजे रकाने. एका रकान्यात जमा, दुसऱ्यात नावे, मधे तपशील. शाईचा एक थेंब न वापरता पानाचे भाग. कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात घालावं असं हे उदाहरण आहे, आणि ते माझ्या घरापासून दहा मिनिटांवर असून मला एका परदेशी व्याख्यानात कळलेल्या 'अदृश्य ग्रिड'चं कौतुक जास्त होतं!

गंमत म्हणजे याच व्यापाऱ्यांच्या घाईने गुजराती लिपीची शिरोरेघ गेली. हिशेब भरभर लिहायचा तर डोक्यावरची रेघ कशाला, म्हणून वाणीशाईतून ती गळाली, आणि पुढे छापील गुजरातीनेही ती सोडून दिली. मराठीने मोडी सोडली पण रेघ सोडली नाही. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारायचं ठरवलं आणि शब्दागणिक तुटणारी शिरोरेघ सगळीकडे रूढ झाली.

त्याआधी छापखान्याने आपलं काम सुरू केलंच होतं. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, त्यात पानाचे दोन स्तंभ होते. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. एका पानावर दोन भाषा शेजारीशेजारी नांदवायच्या म्हणजे उभी विभागणी आलीच. मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम रुजवले. तोपर्यंत पोथ्यांत एक दंड, दोन दंड एवढ्यावर भागत होतं. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस अक्षरांच्या मधे पितळेच्या पातळ पट्ट्या बसवायचा, त्या कागदावर रेघा होऊन उमटायच्या. आता रेघ ओढायची नव्हती, बसवायची होती. एकदा वस्तू झाली की ती कुठेही बसवता येते: जाहिरातीभोवती चौकट, निधनवार्तेभोवती काळी चौकट, दोन बातम्यांमधे आडवी. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं, तेव्हा त्या चौकटींत तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय असं सगळं राहायला आलं, आणि उरलेल्या जागेत दुधाचा हिशेब. घराघरात भिंतीवर टांगलेला तो आमचा पहिला डॅशबोर्ड. आपण अक्षर शिकलो तेही रेघांच्या मधेच. दुरेघी, चौरेघी, मग एकरेघी. समासाची उभी रेघ, आणि प्रत्येक उत्तर संपलं की आडवी.

पण यातल्या कुठल्याच रेघेने कुणाचं आयुष्य बदललं नाही. ती रेघ सातबाऱ्यावर आहे.

बिबवेवाडीत कुणाचा पत्ता घेतला तर 'स. नं.' अशी अक्षरं आणि एक आकडा बऱ्याचदा भेटतो. कुरियरवाल्याला त्याचा उपयोग नाही, पिझ्झावाल्याला तर मुळीच नाही. तरी आपण तो लिहितो. स. नं. म्हणजे सर्व्हे नंबर, म्हणजे अप्पर-लोअर, सुखसागर वगैरे व्हायच्या आधी इथे जे शेत होतं त्याचा क्रमांक. या क्रमांकांची पद्धतही पुणे जिल्ह्यातलीच. प्रिंगलने केलेली आधीची मोजणी फसल्यावर, १८३५-३६च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. शेताला क्रमांक, क्रमांकाला हद्द, हद्दीला बांध.

बांध हा आपल्याकडचा मूळ डिव्हायडर म्हणायला हरकत नाही. त्याला जाडी असते. तो जागा खातो, म्हणून दोन्ही बाजूंना तो थोडा नकोसाच असतो, आणि म्हणून दर नांगरणीला कुणीतरी तो इंचभर कोरतं. 'बांध कोरणं' हा शब्दप्रयोग शहरात वाढलेल्यांनाही माहीत असतो, आणि त्यावरून झालेल्या मारामाऱ्या, कोर्टकज्जेही. पण बांधावर गवत असतं, बोरीबाभळी असतात, येण्याजाण्याची वाट असते, भर उन्हात भाकरी खायची सावली असते. दोन शेतं वेगळी करणारी तीच पट्टी दोन शेतकऱ्यांची भेटायची जागा. डिझाइनच्या बैठकीत "ही रेघ जागा खाते" असं कुणी म्हणालं की मला बांध आठवतो.

जमीन मोजून झाली तरी हक्क कुणाचा हा प्रश्न राहतोच. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि गावपातळीवर नमुने आले. नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, नमुना बारा म्हणजे पिकं. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार, कुठला बदल कधी आणि का झाला त्याची नोंद. त्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी गोल करून लिहायचा. म्हणजे प्रत्येक नावाला एक दुवा. तो धरून गेलं की नाव तिथे कसं आलं ते कळतं. लिंकवर टॅप करण्याच्या कितीतरी आधीची ही सोय.

नमुना सातच्या मधोमध एक उभी रेघ आहे. तिच्या डावीकडे कब्जेदार, म्हणजे ज्यांची जमीन ते. उजवीकडे कुळाचं नाव आणि इतर हक्क: कुळं, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याचा रस्ता, अमक्या कायद्याच्या तमक्या कलमाचं बंधन. माझ्या मते महाराष्ट्रात आखली गेलेली सगळ्यात वजनदार रेघ ही आहे. काळ्या दगडावरची नाही, साध्या छापील फॉर्मवरची. पण ती ओलांडायला माणसांच्या पिढ्या गेल्या.

कुळांचंच बघा. शेत कसणारा माणूस उजवीकडे, मालक डावीकडे. १९४८च्या कुळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मानलं गेलं, एवढंच. कागदावर नाव त्या दिवशी हललं नाही. आधी कलम ३२ग खाली किंमत ठरायची, मग ती हप्त्याहप्त्याने भरायची, मग ३२मचं प्रमाणपत्र मिळायचं, मग फेरफार, आणि मग नाव उजव्या रकान्यातून डाव्या रकान्यात. त्यानंतरही उजवीकडे 'कलम ४३ला पात्र' अशी एक शेपटी बऱ्याच ठिकाणी उरली. म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. कागदावर मधलं अंतर दोन बोटांचं.

बायकांची गोष्ट मी घरातूनच सांगते. आमचं गाव भोर तालुक्यात. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा तीन मुलगे डावीकडे लागले. आजी आणि दोन आत्या उजवीकडे, इतर हक्कात. तेव्हाच्या रीतीने यात वावगं काही नव्हतं, घरोघरी तसंच होतं. आजीला अक्षरं लागत नव्हती, पण कागदाचा नकाशा तिला पक्का ठाऊक होता. ती म्हणायची, "मला घरात नाही, पडवीत बसवलंय." शेतकरी संघटनेने १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्याने आपणहून जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा, ती या पडवीतून घरात नेण्याचीच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, केंद्राने २००५ साली. कायदे झाले. कागदावरची उभी रेघ होती तिथेच राहिली, आणि प्रत्येक घरात कुणीतरी "बहिणींची सही घेऊन ये" म्हणत राहिलं.

आता २०२०च्या आडव्या रेघेकडे येता येईल. ती उभ्या रेघेसारखी पुढारी नाही. तिचं काम डाव्या रकान्याच्या आत आहे.

आमच्या सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, मला जुने उतारे बघावे लागले. पुण्यात हा उद्योग कितीतरी सोसायट्यांच्या मागे लागलेला आहे. फ्लॅट तुमचा, पण खालची जमीन कागदोपत्री अजून जुन्या मालकांची. हस्तलिखित उताऱ्यावर एकाखाली एक नावं होती. सगळ्यांचं आडनाव एक, बऱ्याच जणांच्या वडिलांचं नाव एक. काही नावं लांब, म्हणून खालच्या ओळीत वाहत गेलेली. मधे 'अ.पा.क.' आलं. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: खातेदार लहान मूल आहे आणि पुढचं नाव त्याच्या पालकाचं आहे. पुढे 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. आता चार ओळींत खातेदार किती? चार? तीन? दोन मुलं आणि एक आई, की एक मूल, एक आई आणि एक काका? मी ते तीनदा मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं आली. वकीलबाईंनी मग फेरफार काढून एकेक नाव जुळवलं.

इथे मोकळी जागा चालत नाही, हे मला त्या कागदाने शिकवलं. वेर्थहायमरचे ठिपके सारख्या आकाराचे असतात. माणसांची नावं नसतात. एखादं नाव दोन ओळींत मोडलं की त्या दोन ओळींमधली जागा आणि दोन माणसांमधली जागा यांत फरक किती ठेवायचा? वाचणाऱ्याला ओळखता येईल इतका? आणि वाचणारा कोण? बँकेचा माणूस, ज्याला दिवसाला असे शंभर उतारे बघायचे आहेत. किंवा साठीचा शेतकरी, ज्याला फोटोकॉपीची फोटोकॉपी मिळाली आहे. तिसऱ्या फोटोकॉपीत मोकळी जागा तशीच राहते, पण ती किती होती हे ओळी वाकड्या झाल्या की कळत नाही. रेघ मात्र फिकी झाली तरी रेघच राहते. पालक आणि मूल एका कप्प्यात, काका दुसऱ्या. पालकाला मालक समजून कुणी त्याची सही घेऊन मोकळं होऊ शकत नाही. मोडी कारकुनाने जे न तोडता साधलं होतं, ते इथे तोडून साधलंय.

त्याच यादीत आणखी एक बदल होता, आणि तोही रेघेचाच. आधी मयत खातेदाराचं नाव, फिटलेलं कर्ज, रद्द झालेली नोंद या सगळ्यांना कंस करत. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. महसूल खात्यातल्या लोकांना हे माहीत. आपण शाळेत शिकलो त्याप्रमाणे कंसात असतो तो जास्तीचा खुलासा, त्यामुळे बाहेरचा माणूस कंस बघून भलताच अर्थ लावायचा. नव्या नमुन्यात अशा नावावर आडवी रेघ मारायची ठरली. आता न शिकलेल्यालाही कळतं. नावाखालची रेघ सांगते हा एक माणूस संपला, पुढचा सुरू. नावावरची रेघ सांगते हा माणूस संपला. जाडी तीच, जागा दहा-बारा पिक्सेल वरखाली. यात गल्लत झाली तर जिवंत माणूस मरेल, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

ही गल्लत होण्याची भीती आपल्या लिपीत जास्त आहे. रोमन अक्षरांच्या यादीत डिव्हायडर ही पडद्यावरची एकमेव आडवी रेघ असते. देवनागरीत प्रत्येक शब्द स्वतःची आडवी रेघ डोक्यावर घेऊन येतो. पाच नावांची यादी म्हणजे पाच-दहा रेघा आधीच आहेत; त्यात तुम्ही आणखी पाच घातल्या की पडदा खिडकीच्या गजांसारखा दिसायला लागतो. वरून वेलांट्या, रफार, अनुस्वार; खालून उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या कप्प्यात 'कृष्णा'चा पाय खालच्या रेघेत रुततो आणि 'शार्दूल'चा रफार वरच्या रेघेत. म्हणून मराठीत रेघ ठेवायची तर तिला दोन्ही बाजूंनी इंग्रजीपेक्षा जास्त श्वास द्यावा लागतो, आणि ती शिरोरेघेपेक्षा उघडपणे फिकी किंवा उघडपणे जाड असावी लागते. दोन्ही सारख्या जाडीच्या असल्या की डोळा गोंधळतो. हे कुठल्याही नियमावलीत वाचलं नाही, हात पोळून घेऊन कळलेलं आहे. नियमावल्या लिहिणाऱ्यांची नावं वेलांट्यांविना असतात, त्याला कोण काय करणार. (आमच्या वाडीच्या नावातच बिब्बा असल्यामुळे असा अधूनमधून बिब्बा घालायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.)

सध्या मी ज्या ॲपवर काम करते त्यात शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा तपशील फोनवर बघता येतो. तिथे वेगळाच पेच आला. फोनची रुंदी इतकी कमी, की सातबाऱ्याची ती उभी रेघ मावतच नाही. डावा रकाना वर, उजवा रकाना खाली, असं रचावं लागतं. शेजारी होतं ते खाली गेलं. आजी पडवीत होती, आता तिला तळघरात नेल्यासारखं झालं. अंगठ्याने चारदा सरकवल्याशिवाय ती दिसतच नाही. आमच्या बैठकीत यावर दोन तास गेले. एकाचं म्हणणं, इतर हक्क घडी करून ठेवू, ज्याला हवं तो उघडेल. मी नाही म्हटलं. बोजा असलेली जमीन विकत घेणाऱ्याने तो कप्पा उघडला नाही तर? आत्याने आपलं नाव शोधलं आणि दिसलं नाही म्हणून गप्प बसली तर? शेवटी वरच, कब्जेदारांच्या यादीच्या आधी, 'इतर हक्कात ३ नोंदी' अशी एक पट्टी ठेवली. आणि दोन भागांमधली रेघ? ती पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाते, चांगली जाड. आमच्या टीममधल्या सगळ्यात तरुण पोराने ती बघून विचारलं, "हे जुन्या वेबसाइटसारखं नाही का दिसत?" दिसतं.

मग टॉकबॅक सुरू करून बघितलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन पडदा वाचून दाखवतो, ती सोय. आमच्या त्या जाड रेघेपाशी फोन काहीच बोलला नाही. रेघ ही त्याच्या लेखी चित्र होती, आणि चित्राला आवाज नसतो. कब्जेदारांची पाच नावं झाली आणि एका दमात, त्याच सुरात, इतर हक्कातली तीन. मोडीचे सर आठवले. सातबाऱ्यांचं संगणकीकरण चालू होतं तेव्हा, २०१७ साली, गावोगावी चावडीवाचन झालं होतं. तलाठी गावासमोर उतारे मोठ्याने वाचायचे आणि चूक असेल तर लोक तिथल्या तिथे सांगायचे. तिथेही रेघ कुणाला दिसत नव्हती. वाचणाऱ्यालाच थांबावं लागत होतं, एका खातेदाराच्या नावानंतर थोडं, आणि इतर हक्कांच्या आधी जास्त.

आम्ही आता प्रत्येक नावाआधी फोनला बोलायला लावलंय: "कब्जेदार, पाचपैकी दुसरे." "इतर हक्क, तीनपैकी पहिले." ऐकायला फार कंटाळवाणं आहे. चाचणीत एका काकांनी तक्रारही केली. तसंच ठेवलंय.